आठशेचा आकडा

सत्यम भाऊजींनी अंगणात दोन खाटा जोडून त्यांवर चादर पसरली आणि मला हाक मारली. मी भाकरी थापत होते. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आले.

“अनसूया, हे बघ.”

चादर पहिल्या नजरेत देखणी वाटली. मरून रंगाची जमीन, चारी कोपऱ्यांत कमळं आणि कडेनं देवळाच्या शिखरांची ओळ. मग मधे नजर गेली. जिथं निव्वळ मरून रंग असायला हवा होता, तिथं पांढऱ्या धाग्यांचे ठिपके उठले होते. एका आडव्या रेषेत काही, थोडं खाली पुन्हा काही. शाईचं पेन झटकल्यावर कागदावर पडतात तसे.

“एवढी एकच आहे का?” मी विचारलं.

“सगळा लॉट असाच. मुंबईच्या धारिवालशेठनी परत पाठवलाय.” भाऊजींनी बोट एका ठिपक्यावर ठेवलं. “डिझाइन तुझंच आहे ना हे?”

“डिझाइन माझं आहे. ठिपके माझे नाहीत.”

त्यांनी ठिपक्यावरचं बोट उचललं. असं उत्तर त्यांना त्या घरात कुणी दिलं नव्हतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, पद्मशाली विणकरांचं. घरात बोलणं तेलुगूत, बाहेर मराठीत. मागच्या शेडमध्ये जेकार्डचे माग. कारखाना सासऱ्यांनी उभा केला होता आणि ते गेल्यावर थोरले दीर म्हणून सत्यम भाऊजी तो बघत. माझे पती श्रीनिवास मागांची देखभाल करत. मी लग्नाआधी टेक्स्टाइल डिझाइनचा डिप्लोमा केला होता, म्हणून डिझाइनची खोली माझ्याकडे आली. मी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, तिच्यावरून जाड पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडली जायची आणि ती कार्डं मागावर चढायची. ज्या ठिकाणी भोक, त्या ठिकाणी धागा उचलला जाणार. माग स्वतःच्या मनानं काही करत नाही. कार्ड सांगेल तेच विणतो.

म्हणून मी आधी शेडमध्ये जाऊन कार्डं तपासली. भोकं पडली होती, नको त्या जागी. मग वरच्या डिझाइनच्या खोलीत येऊन कॉम्प्युटरवर डिझाइन उघडलं. ठिपके तिथंही होते.

भाऊजी माझ्या पाठोपाठ येऊन दारात उभे होते.

“आता तर पटलं?”

“मी पाठवताना हे नव्हतं, भाऊजी. काठ बोटभर रुंद करायला शेठनी सांगितलं, तो केला. पूर्ण डिझाइन मोठं करून टोकापासून टोकापर्यंत बघितलं, मग सेव्ह केलं.”

“मग ठिपके काय भुतानं पाडले?”

“काठ बदलल्यावर एक नमुना विणून बघू, असं मी म्हटलं होतं. तुम्ही वेळ नाही म्हणालात.”

हे बोलणं त्यांना लागलं. त्यांनी आवाज खाली आणला. रागावले की ते नेहमी हळू बोलत.

“शेठ आज गावात आहेत. स्टेशनजवळच्या लॉजवर उतरलेत. संध्याकाळी मी त्यांना घरी बोलावतो. तू चहा घेऊन ये आणि एवढंच म्हण, माझ्या हातून चुकलं, पुन्हा असं होणार नाही. घरातली सून हात जोडून म्हणाली की ते ताणणार नाहीत. लॉट आपण पुन्हा विणून देऊ. प्रकरण मिटेल.”

“माझ्या हातून चुकलेलं नाही.”

“शेठना माफी हवी आहे, अनसूया. त्यांनी स्वतः सांगितलंय.”

“ज्यानं चूक केली असेल त्यानं मागावी.”

“कुणी केली मग?”

“ते मला अजून माहीत नाही.”

दुपारी जेवणं झाल्यावर सासूबाई, त्यांना आम्ही अत्तम्मा म्हणायचो, माझ्याजवळ येऊन बसल्या. पानाला चुना लावत म्हणाल्या, “थोरला आहे तो. डोक्यावर कारखाना आहे. दोन शब्दांनी तुझं काय झिजतंय?”

मी म्हणाले, “अत्तम्मा, दोन शब्द बोलले की ते माझे होतात. उद्या धागा तुटला तरी म्हणतील, हिचीच चूक असेल, मागेही झाली होती.”

पान तोंडात घालून त्या उठून गेल्या.

संध्याकाळी श्रीनिवासही समजवायला आले. त्यांच्या हाताला मागाच्या तेलाचा वास होता. खुर्ची ओढून कीबोर्डसमोर बसले.

“एकच वाक्य आहे,” म्हणाले.

“तुम्हाला वाटतं मी चुकले?”

“मला त्यातलं काही कळत नाही.”

“कळत नाही तर मग मी चुकले असं का धरून चालता?”

ते खुर्ची सारून उठले. मी हट्ट सोडला नाही म्हटल्यावर भाऊजींनी शेठना घरी बोलावलंच नाही. स्वतःच लॉजवर जाऊन आले. आल्यावर चपला काढता काढता, कुणाकडेही न बघता म्हणाले, “उद्यापासून डिझाइन बाहेरून करून घ्यायचं. ती खोली बंद ठेवा.”

सकाळी भाऊजी बँकेत गेले आणि मी खोली उघडली. त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन होतं. वीज येई तेवढ्यातच काम उरकावं लागे. श्रीनिवास शेडकडे निघाले होते, त्यांना मी आत बोलावलं.

“बसा इथं. मी कशाला हात लावणार नाही. मी सांगते तसं तुम्ही करा.”

“खोली बंद ठेवायला सांगितलंय दादानं.”

“म्हणूनच तुम्ही बसा.”

ते बसले. मी बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं झरझर येतात आणि जातात. रोज येतात, रोज जातात, कोण वाचतं? त्या दिवशी मी वाचली. मेमरीच्या ओळीत आकडा होता आठशे.

हा आकडा तिथं असायला नको होता. पण आधी बघायचं होतं.

काठ बदलण्याआधीचं, नमुन्याला वापरलेलं जुनं डिझाइन सीडीवर होतं. त्यात एकही ठिपका नव्हता. श्रीनिवासना मी ते उघडायला लावलं, कशालाही हात न लावता दुसऱ्या नावानं सेव्ह करायला लावलं, मग बंद करून पुन्हा उघडायला सांगितलं. स्वच्छ होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“पुन्हा करा,” मी म्हणाले.

पुन्हाही स्वच्छच. त्याच्या पुढच्या वेळी एका कमळाच्या पाकळीजवळ तीन ठिपके उठले. श्रीनिवासनी माऊसवरून हात असा काढला जणू चटका बसला.

“मी काही केलं नाही.”

“माहीत आहे. मीही केलं नव्हतं.”

आणखी काही वेळा केलं. कधी स्वच्छ निघे, कधी ठिपके पडत, आणि दर वेळी जागा वेगळी. श्रीनिवास यंत्रांत वाढलेला माणूस. एकदा यंत्राचा संशय आला की त्यांना थांबवणं कठीण. स्वतःच उठून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं.

दोन महिन्यांपूर्वी कॉम्प्युटर फार रेंगाळायला लागला होता. मोठं डिझाइन उघडलं की चहा पिऊन येईपर्यंत पडदा हलत नसे. मेमरी वाढवायला हवी असं मी भाऊजींना सांगितलं होतं, आणि कुठली तेही सांगितलं होतं. आतली मेमरीची जुनी पट्टी सहाशे सदुसष्टच्या वेगाची आहे, नवीही तेवढ्याच वेगाची आणा, दोन्हींची चाल जुळली पाहिजे. मग धाकट्या बहिणीच्या साखरपुड्याला मी भिवंडीला माहेरी गेले. परत आले तर पट्टी बसली होती आणि कॉम्प्युटर पळत होता. मी खूश होते. अधूनमधून अडकायचा, ते मी विजेच्या चढउतारावर ढकललं होतं.

आता श्रीनिवासनी नवी पट्टी उजेडात धरली. तिच्यावरच्या कागदावर आठशे लिहिलं होतं. जुनीवर सहाशे सदुसष्ट.

“आठशे म्हणजे जास्त ना?” ते म्हणाले. “मग बिघडलं कुठं?”

“जास्त वेगाची पट्टी आणली म्हणून बिघडत नाही. दोन्ही पट्ट्या एकाच वेगानं चालतात. मशीनला स्वतःचं ठरवू दिलं तर ते सावकाश पट्टीचा वेग धरतं, आणि मग कुणाला काही होत नाही. इथं दोघींना आठशेनं पळवलंय. जुनी पट्टी त्या वेगासाठी बनलेलीच नाही. पळते, पण मधूनच चुकतं तिचं. बंद पडली असती तर बरं झालं असतं, तेव्हाच कळलं असतं.”

“हे आपोआप होतं?”

“नाही. कुणीतरी आत जाऊन हातानं लावावं लागतं.”

आम्ही खात्री करून घेतली. आधी फक्त जुनी पट्टी ठेवली. तिच्या वेगावर कितीही वेळा सेव्ह केलं तरी ठिपका नाही. मग फक्त नवी, आठशेवर. तीही चोख. दोन्ही मिळून आठशेवर लावल्या की ठिपके परत. मग मी सेटिंगमध्ये जाऊन वेग सहाशे सदुसष्टवर आणला आणि दोन्ही पट्ट्या बसवल्या. वीज जाईपर्यंत आम्ही तेच करत राहिलो. एकही ठिपका पडला नाही.

इन्व्हर्टरचा पंखा फिरत होता. श्रीनिवास घाम पुसत म्हणाले, “इरफाननं गाढवपणा केला म्हणायचा.”

इरफान तांबोळीचं साखर पेठेत कॉम्प्युटरचं दुकान होतं. पट्टी त्यानंच बसवली होती. श्रीनिवासनी फोन केला आणि तो लगेच आला. बारीक अंगाचा, कायम घाईत असणारा माणूस. आत आल्या आल्या त्यानं उघडा डबा बघितला आणि म्हणाला, “वेग केला का कमी? बरं झालं.”

त्याला वाटलं आम्हाला सगळं माहीत आहे.

“वहिनी, मी पहिल्याच दिवशी म्हटलो होतो सत्यमशेठला. दोन्ही सहाशे सदुसष्टवर ठेवतो, शांत चालेल. सहाशे सदुसष्टची दुकानात होतीसुद्धा. पण शेठ म्हटले, जास्तीची घेतो, आणि पैसे आठशेचे देतोय तर पडद्यावर मला आठशे दिसले पाहिजेत. मी म्हटलो, जुनीला झेपायचं नाही. ते म्हटले, लाव तू, बघू. लावलं. चाललं. मग मी काय बोलणार?”

“लॉट परत आलाय, इरफानभाई,” मी म्हणाले.

“माहीत आहे की. परवा सत्यमशेठचा फोन आला होता. विचारत होते, कापडावर ठिपके आलेत, मेमरीनं असं होऊ शकतं का? मी म्हटलो, होऊ शकतं नाही, त्यानंच झालं असणार. लगेच येऊन कमी करून देतो म्हटलो. तर म्हटले, आत्ता येऊ नकोस, धारिवालशेठ गावातून जाऊ देत, मग सांगतो.”

परवा. म्हणजे चादर अंगणात पसरण्याच्या आदल्या दिवशी.

मी श्रीनिवासकडे बघितलं नाही. त्यांच्याकडे बघणं मला जड गेलं असतं, आणि त्यांनाही. इरफाननं आमचे चेहरे वाचले असावेत. दुकानात गिऱ्हाईक थांबलंय म्हणून तो निघून गेला.

खाली अत्तम्मा दारावर आलेल्या भाजीवालीशी भाव करत होत्या. श्रीनिवास खिडकीशी उभे राहून ते ऐकत होते, की ऐकत नव्हते, कोण जाणे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. चादरीवर बोट ठेवून डिझाइन तुझंच ना असं विचारताना भाऊजींना उत्तर माहीत होतं. ते न माहीत असलेल्या माणसासारखे उभे होते, आणि किती छान उभे होते.

“दादा आला की बोलू आपण,” श्रीनिवास म्हणाले.

“भाऊजींशी मला बोलायचं नाही. धारिवालशेठशी बोलायचंय. ते आज जाणार आहेत ना?”

“अनसूया, हे घरातलं आहे.”

“माझं नाव घराबाहेर गेलंय. ते आणायला बाहेरच जावं लागेल. तुम्ही येणार नसाल तर मी रिक्षानं जाते.”

मी साडी बदलली, सीडी पिशवीत टाकली आणि खाली आले. श्रीनिवास फाटकाबाहेर स्कूटर सुरू करून थांबले होते. वाटेत खड्ड्यांच्या जागी त्यांनी स्कूटर फार सांभाळून चालवली.

लॉजच्या खालच्या बाकड्यावर धारिवालशेठ बॅग शेजारी ठेवून चहा पीत होते. साठीच्या पुढचे, टक्कल पडलेले, मुंबईत राहून सोलापूरचा माल परदेशी पाठवणारे. श्रीनिवासना त्यांनी ओळखलं. माझ्याकडे नुसतं मान हलवून बघितलं.

“मी अनसूया. तुमच्या चादरीचं डिझाइन मी केलं होतं,” मी म्हणाले. “मी माफी मागायला आलेली नाही.”

त्यांनी कप खाली ठेवला. “माफी कसली?”

“तुम्ही मागितली होतीत ना?”

“मी?” ते श्रीनिवासकडे वळले. “मी कशाला मागेन? माफीची चादर विकता येते का मला? मी सत्यमला एवढंच विचारलं, पुढचा माल असाच येणार का? तो म्हणाला, ज्यांनी घोळ केला त्यांना काढून टाकलंय, काळजी करू नका.”

बाजूच्या टेबलावरचा माणूस पेपर उलटत होता. त्या कागदाचा आवाज मला अजून आठवतो. शेठनी काहीच मागितलं नव्हतं. दोन दिवस त्या घरात ज्या माफीसाठी सगळे माझ्यामागे लागले होते, ती फक्त एका माणसाला हवी होती.

“काढलेली ती मीच,” मी म्हणाले. “आणि घोळ मी केलेला नाही. मशीनमधल्या मेमरीचा वेग चुकीचा लावला होता. सेव्ह करताना डिझाइन बिघडत होतं. आज आम्ही ते शोधलं, वेग कमी केला, पुन्हा पुन्हा तपासलं. आता बिघडत नाही. हवं तर ही मूळ डिझाइनची सीडी घ्या, कुठल्याही मशीनवर उघडून बघा.”

“वेग कुणी लावला होता?”

श्रीनिवासनी घसा साफ केला. मी त्यांना बोलू दिलं नाही.

“ते मी सांगणार नाही. ज्यांनी लावला ते सांगतील. मी माझ्यापुरतं बोलायला आले.”

शेठनी चहाचा उरलेला घोट संपवला. मग म्हणाले, “बाई, मला त्या मेमरीतलं काही कळत नाही. कारण कुठलंही असो, मला माल चोख हवा. चोख येईल याची जबाबदारी कोण घेणार?”

“मी घेते.”

“परत ठिपके आले तर?”

“आले तर परत येऊन इथंच तोंड दाखवीन. पण आधी नमुना विणला जाईल. नमुना तुम्ही बघितल्याशिवाय लॉट मागावर चढणार नाही. घाई असली तरी नाही.”

“घाई मला असते,” शेठ म्हणाले आणि पहिल्यांदाच थोडे हसले. “बरं. नमुना पाठवा. फोन तुम्हीच करा, सत्यम मधे नको. मला एका माणसाशी बोलायला बरं वाटतं.”

आम्ही घरी पोचलो तेव्हा भाऊजी बँकेतून आले होते. फाटकातच उभे होते. खोलीचं दार उघडं, डब्याचं झाकण बाजूला, हे त्यांनी बघितलं होतं. कुठून आलो हेही त्यांना आमच्या तोंडावरून कळलं असावं. अत्तम्मा मागे पायरीवर बसल्या होत्या.

“शेठकडे गेला होतात?”

“हो,” श्रीनिवास म्हणाले.

“तुला नाही विचारलं.” भाऊजींचा आवाज अगदी खाली गेला होता. “अनसूया, माझी इज्जत रस्त्यावर घालून आलीस.”

“तुमचं नाव मी घेतलेलं नाही, भाऊजी. शेठनी विचारलं, तरी घेतलं नाही. मशीनचं काय ते सांगितलं. तुमचं तुम्ही सांगायचं.”

“इरफान आला होता वाटतं.”

“आला होता.”

त्यांनी नजर वळवली. मला वाटलं आता ओरडतील, हात उगारतील, निदान खोलीला कुलूप घालतील. पण त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि मान पुसत राहिले. उन्हातून आलेल्या माणसासारखी.

“मी कारखाना चालवतो,” ते म्हणाले. “माणसं माझ्या शब्दावर माल घेतात. मालकच चुकतो म्हटल्यावर उद्या कोण येईल दारात? तुझं काय, तू घरातली. तुझी चूक घरात जिरली असती.”

“माझ्यात जिरली असती,” मी म्हणाले. “घरात नाही.”

अत्तम्मा पायरीवरून उठल्या. त्यांना किती कळलं होतं, मला सांगता येणार नाही. त्यांनी थोरल्या मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आत जाताना म्हणाल्या, “सगळ्यांनी हातपाय धुऊन घ्या.” माझ्या बाजूनंही नाही, त्याच्या बाजूनंही नाही. तरी आदल्या दिवसासारखं दोन शब्दांचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

भाऊजींनी चुकलो असं त्या दिवशी म्हटलं नाही. पुढेही कधी म्हटलं नाही. पुढं कारखान्याच्या वाटण्या झाल्या, त्यांनी शेजारच्या गल्लीत घर घेतलं, सणावाराला येतात, माझ्या हातचं जेवतात. तो विषय निघत नाही. मी त्याची वाट बघायची कधीच सोडली आहे.

पण वाटण्या खूप नंतरच्या. त्या वेळी घर एकच होतं आणि खोली बंद ठेवायचा हुकूम कुणी मागे घेतलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी अंगणात पेपर वाचत बसले होते. मी त्यांच्या समोरून वर गेले, खोलीचं दार उघडलं, खुर्ची ओढली आणि नमुन्याच्या कामाला बसले. मला कुणी बोलावलं नव्हतं. कुणी अडवलंही नाही.